न दिसणारा पहारेकरी

दादाने स्वतःच्या मुलीच्या फोनमध्ये गुपचूप एक अ‍ॅप टाकलं आणि ते मला सांगताना त्याची छाती फुगली होती. मी मोबाइलची अ‍ॅप्स बनवते, म्हणजे मला कौतुक वाटेल अशी त्याची समजूत.

"आयकॉन नाय, स्क्रीन नाय, काय नाय. फोन चालू झाला की आपोआप सुरू. तिला कळणार पण नाय!" दादरच्या कुठल्याशा मोबाइलवाल्याने हे करून दिलं होतं. दादाच्या फोनवर नकाशा, नकाशावर एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे कॉलेजात जाणारी माझी भाची.

पडद्याआड अ‍ॅप चालवणं हे माझं रोजचं काम. फोन खिशात असताना गाणं वाजत राहावं, औषधाची आठवण वेळेवर यावी, यासाठी ते असतं. पोटच्या पोरीवर पाळत ठेवायला नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. "काळजी वाटते म्हणून," असं म्हणून त्याने मला उडवून लावलं. काळजी म्हणे! घोडपदेवच्या त्या दोन खोल्यांत लेक मागे बसलेली असायची आणि हा तिच्याकडे पाठ करून तिचाच ठिपका बघत बसायचा. तिच्याशी चार शब्द बोलायला मात्र त्याची जीभ झिजत होती.

एका रविवारी मी त्यांच्याकडे असताना वहिनी भोवळ येऊन पडली. दादाने आधी नकाशा उघडला. "अभ्यासिकेत आहे, दादरला. सकाळपासून हलली नाय," असं त्याही घाईत अभिमानाने सांगून त्याने लेकीला फोन लावला. उचलला मैत्रिणीने.

"काका, ती फोन माझ्याकडे ठेवून जाते. रोजच. कुठे जाते ते नाही माहीत."

पोरीला केव्हाच कळलं होतं. फोन उगाच तापतो, बॅटरी भराभर उतरते. हे ओळखायला कुणी इंजिनियर लागत नाही. बापाच्या अकलेमुळे ती या शहरात फोनशिवाय फिरत होती, आणि आई पडली तेव्हा तिला कळवायची सोय उरली नव्हती. मला दादाची किळस आली.

वहिनीला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. भाची अंधार पडल्यावर, फोन घ्यायला गेली तेव्हा मैत्रिणीकडून कळून, धावत आली आणि आईला निजलेलं बघून दारातच रडू लागली. दादा ओरडला, "होतीस कुठे?"

"बाबा, हे तुम्ही मला आज पहिल्यांदा विचारलंत."

दादाने मान खाली घातली आणि सवयीने हातातल्या फोनकडे बघितलं.