जादा पॅकेज

किस्से कोणी मुद्दाम साठवत नसतं. चहाला चौघं जमले की एक निघतो, त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि कप रिकामे झाले तरी कोणी उठत नाही. आमच्या नांदेडच्या ऑफिसात असे लई साचलेत. हसण्यासारखे थोडे. बाकीचे सांगताना माणूस खाली बघतो, असे.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक मोरे सर, गावोगाव फिरून सॉफ्टवेअर बसवणारे इरफानभाई, निलंग्याची शिवलीला आणि भोकरची मी. आम्ही दवाखान्यांसाठी आणि लॅबसाठी पायथॉन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत सॉफ्टवेअर बनवतो. पायथॉनमध्ये सगळं स्वतः लिहायचं नसतं. जगात कुठंतरी कोणीतरी लिहून ठेवलेली पॅकेजं, म्हणजे तयार कोडचे तुकडे, घ्यायची आणि आपल्या कामाला जोडायची. काही पॅकेजं सगळ्याच गिऱ्हाइकांना लागतात. काही फक्त ज्याला पाहिजे त्याला: कोणाला बारकोड, कोणाला एसएमएस, कोणाला मराठीत रिपोर्ट. ती वेगळी टाकावी लागतात. त्यांना आम्ही जादा पॅकेज म्हणतो. आमचे बहुतेक किस्से ह्या जादातूनच निघालेत.

* * *

लातूरच्या एका लॅबमधून फोन आला, "मराठी रिपोर्ट निघून न्हाई राहिला!"

इरफानभाई गेले. बघतात तर जादा पॅकेजं ठेवलेला आख्खा फोल्डरच गायब. लॅबवाल्याच्या मेव्हण्यानं त्या कॉम्प्युटरवर लग्नाचा व्हिडिओ टाकला होता, आणि जागा पुरेना म्हणून फोल्डर उडवला होता.

"अहो, पण उडवला कशाला?"

"नावच एक्स्ट्रा होतं. म्हणलं, नको असंल!"

तोवर लोक इंग्रजी रिपोर्ट घेऊन घरी जात होते. एका बाबांना गाठीचा तपास करायला सांगितला होता. कागद घडी करून खिशात ठेवताना ते काउंटरवर म्हणाले होते, "पॉझिटिव्ह लिहिलंय. म्हणजे चांगलंच असंल की!"

* * *

एका गिऱ्हाइकाची तक्रार मी जशीच्या तशी लिहून घेतली होती.

"मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर बंद न्हाई पडलं. चालू हाय. फक्त काम करून न्हाई राहिलं."

* * *

दोन पॅकेजं एकमेकांशी भांडायला लागली की आमचं डोकं उठतं. दोघांनाही तिसरंच एक पॅकेज लागतं, पण एकाला त्याचं जुनं व्हर्जन पाहिजे आणि दुसऱ्याला नवं. एका मशीनवर दोघं नांदतच नाहीत. मग प्रत्येकाला वेगळं घर करून द्यायचं, ज्याची त्याची पॅकेजं ज्याच्या त्याच्या घरात.

असंच एक भांडण चालू होतं आणि मोरे सर तहसीलला निघाले होते. त्यांच्या शेताच्या वाटणीची तारीख होती. भाऊ बोलत नव्हते. जाता जाता शिवलीलाला म्हणाले, "दोघांच्या चुली वेगळ्या कर. आपोआप गप होतील."

तिनं केल्या. संध्याकाळी सर आले तेव्हा दोन्ही पॅकेजं व्यवस्थित चालत होती. सर स्क्रीनकडं उभ्यानंच बघत राहिले.

"भांडण मिटलं सर," शिवलीला म्हणाली. "तुमचं काय झालं?"

"पायथॉनमध्ये जमतंय," सर म्हणाले. "आमच्याकडं विहीर एकच हाय."

त्यांचा थोरला भाऊ पुढं वारला. सरांना ते गावातल्या दुसऱ्याच माणसाकडून कळलं.

* * *

शिवलीलाला बघायला लातूरची मंडळी आली होती. मुलगा बँकेत. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलानं विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता?"

ही मोकळ्या मनानं सांगायला बसली. "दुसऱ्यांनी लिहिलेली पॅकेजं आणून जोडते. त्यांचं एकमेकांशी पटतंय का बघते."

"आणि नाही पटलं तर?"

"मग एखाद्याला जुन्याच व्हर्जनवर बांधून ठेवावं लागतं. पुढं जाऊ द्यायचं नाही."

मुलाची आई खूश झाली. "आमच्या घरात बी तसंच हाय बाई! थोरल्या सुनेची नोकरी आम्ही लग्नातच सोडवली."

शिवलीलानं बशा उचलल्या, आत गेली, आणि परत बाहेर आलीच नाही. पाहुण्यांना जीपपर्यंत सोडायला तिचे वडील एकटेच गेले.

* * *

रक्ताच्या नळ्यांवर चिकटवायचं लेबल छापायला आम्ही एक बारकं पॅकेज वापरायचो. वर्षानुवर्षं बिनबोभाट चालायचं. पायथॉनचं नवं व्हर्जन आलं आणि हे पॅकेज अडकलं. लिहिणाऱ्यालाच विचारावं म्हणून मी त्या पॅकेजचं इंटरनेटवरचं पान उघडलं.

वर त्याच्या बायकोनं इंग्रजीत चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. माझे पती आता नाहीत. मला ह्यातलं काही कळत नाही. ते रविवारी हे काम करत बसायचे. तुम्ही वापरता हे वाचून बरं वाटलं.

मी ते सगळ्यांना मराठीत सांगितलं. इरफानभाईंनी हातातला कप खाली ठेवला आणि मयतीला म्हणतात ती दुआ तोंडातल्या तोंडात म्हटली.

"रोज ह्याच्या भरवशावर पोट भरून राहिलो," ते म्हणाले, "अन् ह्याचं नाव बी मालूम नव्हतं."

सरांनी ते पॅकेज आमच्याकडं उतरवून घेतलं आणि दुरुस्त करायला लावलं. शिवलीला फाइलीवर आमच्या ऑफिसचं नाव घालत होती, तर इरफानभाई मागून म्हणाले, "त्याचं बी राहू दे. वरती."

* * *

हा शेवटचा आम्ही चहाला सांगत नाही.

लातूरच्या एका खासगी दवाखान्याला आम्ही रक्तदात्यांचं काम करून दिलं होतं. रक्तगट निवडायचा, बटण दाबायचं, त्या गटाच्या माणसांना मेसेज जाणार. बसवताना चाचणीसाठी इरफानभाईंनी स्वतःचंच नाव, नंबर आणि खरा गट टाकला. ओ निगेटिव्ह. नंतर काढलाच नाही. "राहू द्या," म्हणाले, "कामी येईल."

पुढं दवाखान्यानं कॉम्प्युटर बदलला. नवा देणाऱ्यानंच आमचं सॉफ्टवेअर त्यावर चढवलं. मूळ पॅकेजं आली, एसएमएसचं जादा पॅकेज राहिलं. आणि मोरे सरांनी फार आधी कोडमध्ये लिहून ठेवलं होतं की जादा पॅकेज नसेल तर ओरडायचं नाही, गुमान पुढं जायचं. म्हणून एका दुपारी नर्सनं बटण दाबलं तेव्हा स्क्रीनवर 'काम झालं' असंच आलं. मेसेज कोणालाच गेला नाही.

बाई किल्लारीकडची होती, गट ओ निगेटिव्ह. पहिलं बाळंतपण. मुलगी झाली आणि रक्त थांबेना. दात्यांची वाट बघितली, मग दुसरीकडून पिशवी मागवली. ती येईपर्यंत बाई गेली.

डॉक्टरांनी आम्हाला मेसेज तपासायला बोलावलं. इरफानभाईंनी मशीन उघडलं, काय राहिलंय ते बघितलं आणि विचारलं, "कोणता दिवस होता?" डॉक्टरांनी सांगितला. इरफानभाई खाली बसले. त्या दिवशी ते लातूरलाच होते, दुसऱ्या एका लॅबच्या कामाला.

"मेसेज गेला असता तर ती वाचली असती, असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्त तपासायलाही वेळ लागतो." मग म्हणाले, "वाचली नसती, असंही म्हणणार नाही."

सरांनी कोडमधली ती गुमान पुढं जायची ओळ त्याच दिवशी काढून टाकली. आता लागणारं पॅकेज नसलं तर आमचं सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. गिऱ्हाइकं शिव्या देतात, सर ऐकून घेतात.

त्या घरी जायला कोणी सांगितलं नव्हतं. सर म्हणाले, "जाऊन यायचं." सर, इरफानभाई आणि मी गेलो. नवरा साखर कारखान्यात कामाला. त्यानं ओट्यावर खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं. सरांनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मेसेज कुणाला जाणार व्हता?"

इरफानभाई म्हणाले, "मला."

"तुम्ही कुठं व्हता तवा?"

"दवाखान्यासमोरच्या हॉटेलात. चहा पिऊन राहिलो होतो."

आत पोरगी रडायला लागली. तो उठला, तिला घेऊन बाहेर आला आणि इरफानभाईंच्या मांडीवर ठेवली.

"धरा जरा हिला," म्हणाला. "म्हशीला पाणी दाखवून येतो."

म्हैस समोरच बांधलेली होती. तो तिच्याकडं गेला नाही. रस्त्याकडं चालत गेला.