एका शब्दाचं कीर्तन

दसऱ्यानंतरच्या एका मंगळवारी सकाळी पोह्यांना फोडणी देताना माझ्या हातातला झारा गळून पडला. झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. वाकडा झालेला ओठ आठवड्यात सरळ झाला, उजवा हातही पंधरा दिवसांत ताळ्यावर आला. गेली ती फक्त भाषा. समोरच्याचं बोलणं कळायचं, मनात उत्तरही तयार असायचं, पण तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर पडायचा. ‘व्हय.’ दुसरा शब्द नाही. कागद पुढे ओढला तर अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या उमटायच्या.

हा शब्द माझा नव्हता. कोल्हापुरातल्या शाळेत एकतीस वर्षं मी मराठी शिकवली, आणि ‘व्हय नाही, हो म्हणावं’ असं मी पोरांना जितक्या वेळा सांगितलं असेल, तितक्या वेळा प्रार्थनाही केली नसेल. आमच्या प्रभूला विनोदाचं अंग आहे, असं मी माझ्या पुस्तकांतून कौतुकाने लिहिलं होतं. तो विनोद आपल्यावरच झाला म्हणजे मात्र हसू येत नाही.

माझी पुस्तकं म्हणजे काही फार मोठी नव्हेत. भक्तिपर लेखांची तीन, मुलांसाठी गोष्टींचं एक, आणि नाताळात मंडळीसमोर करायची कीर्तनं. ख्रिस्ती माणसाने कीर्तन करावं, याचं बाहेरच्यांना अजून नवल वाटतं. पण मला ते वेड माझ्या वडिलांनी लावलं. ते सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. रविवारी सकाळी मला चर्चला न्यायचे आणि संध्याकाळी पेठेतल्या देवळात कीर्तन ऐकायला. तिथले बुवा गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचे, उपरण्याने घाम पुसायचे, आणि आम्ही सगळे श्वास रोखून बसायचो. पुढे काय, ते प्रत्येकाला ठाऊक असायचं, तरीही. आपलीही गोष्ट अशीच सांगता आली पाहिजे, हे तेव्हाच मनाने घेतलं. आईकडून पेटी शिकले, वडिलांकडून माणसाच्या चेहऱ्याकडे बघायला शिकले, आणि थांबायचं कुठे ते बुवांकडून. लेखिका म्हणून माझी एवढीच शिदोरी.

या शिदोरीचा मला गर्व होता, हे आज कबूल करते. प्रार्थनासभेत पाळकसाहेब शेवटी म्हणायचे, ‘आता बाई प्रार्थना करतील,’ आणि मी डोळे मिटून अशी घोटीव, डौलदार वाक्यं म्हणायची की बायका नंतर येऊन, ‘बाई, अगदी रडू आलं हो,’ असं सांगायच्या. मी ‘सगळं त्याचंच’ म्हणायची आणि मनात गुदगुल्या व्हायच्या. देवाशी बोलताना माझा एक कान कायम माणसांकडे असायचा. त्यामुळे भाषा गेली तशी माझी प्रार्थनाही गेली. पहिले काही दिवस मी खाटेवर बसून प्रयत्न केला. ओठातून शब्द फुटत नव्हता, आणि शब्दांवाचून प्रार्थना कशी करतात ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. मग मी रुसले. चांगली सणसणीत रुसले. तुझ्यासाठी जे वापरलं तेच काढून घेतलंस ना, मग आता बस गप्प, मीही गप्प बसते. वाचा-उपचार करणाऱ्या तरुण बाई घरी यायच्या, कपाचं चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारायच्या, मी ‘व्हय’ म्हणायची, त्या ‘छान’ म्हणायच्या. त्यांच्या त्या ‘छान’चाही राग यायचा.

‘हो’खेरीज काहीच म्हणता येत नसलेल्या बाईला लोक किती प्रश्न विचारतात, याचा अनुभव कुणी घेतला नसेल. बरं वाटतंय का? व्हय. औषध घेतलं? व्हय. पाळकसाहेब भेटायला आले, हात हातात घेऊन म्हणाले, ‘प्रार्थना चालू आहे ना, बाई?’ त्यांनाही व्हय. नकारार्थी मान हलवायला जावं तर मानही होकारार्थीच हलायची. त्यात माझी सून सुनीता कागलच्या एमआयडीसीत नोकरीला, ती सकाळी आठला बाहेर पडायची. तिच्या मागे नोव्हेंबरातल्या एका दुपारी महिला मंडळाच्या तिघीजणी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या. कोल्हापूरची माणसं आजाऱ्याची चौकशीसुद्धा मोठ्या आवाजात करतात. शेजारच्या गल्लीलाही माझी तब्येत कळली असेल. जाता जाता अध्यक्षीणबाई म्हणाल्या, ‘मग बाई, नाताळचं कीर्तन औंदा बी तुमीच करणार न्हवं?’

‘व्हय,’ मी म्हणाले.

‘बघा! मी म्हटलंच हुतं, वाघीण हाय बाई!’

मी दोन्ही हात हलवले, तर त्यांना वाटलं मी निरोप देतेय. रविवारी उपासनेनंतर घोषणा झाली. सुनीताने कपाळाला हात लावला. ‘आई, तुम्ही खरंच व्हय म्हणालात?’ तिने विचारलं, आणि मी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको. ती पोरगी एवढी हसली, एवढी हसली, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिने पाळकसाहेबांना फोन करून समजावून पाहिलं. ते म्हणाले, ‘त्यांनी स्वतः होकार दिलाय, त्यांची उमेद आपण मोडायची नाही.’

ते थांबवायचंच ठरवलं असतं, तर सुनीताच्या मदतीने थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही, आणि त्याचं कारण काही फारसं भक्तिभावाचं नव्हतं. मला वाटलं, उभी राहते प्रभूच्याच घरात, त्याच्याच लेकरांपुढे. माझं काय करून ठेवलंयस ते दिसू दे सगळ्यांना. एकदाची फजिती झाली की लोक पुन्हा विचारणार नाहीत, आणि मीही पुन्हा त्या दाराशी जाणार नाही. इतकं मी मनाशी पक्कं केलं होतं.

नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी चारला चर्चच्या आवारात मांडव घातला होता. कीर्तनकाराच्या मागे टाळ घेऊन उभा राहणारा माणूस फार महत्त्वाचा असतो. बुवा दमले, विसरले किंवा थांबले, तर गाण्याची पहिली ओळ, म्हणजे धृपद, तो उचलतो आणि बुवा परत येईपर्यंत धरून ठेवतो. आमचे नेहमीचे टाळकरी लेकीच्या बाळंतपणासाठी आजऱ्याला गेलेले. सुनीता पेटीवर बसली होती, टाळ तसेच पडून होते. एवढ्यात आवाराच्या दारातून एक म्हातारे गृहस्थ डोकावले. पांढरी टोपी, कोपरीवर स्वेटर, हातात औषधांची पिशवी. पेटीचा सूर ऐकून आत आलो, म्हणाले. शाहूवाडीकडचे, भातशेती करणारे. जवळच्या दवाखान्यात त्यांची बायको दाखल होती आणि भेटीची वेळ सहानंतरची.

‘काका, टाळ धरता येतो का?’ सुनीताने विचारलं.

‘येतो का म्हंजे? बत्तीस वर्सं भजनी मंडळात हाय की मी,’ ते म्हणाले. ‘फकस्त चाल सांग. द्येव कुठला बी असूं दे, ताल त्योच असतोय.’

चपला काढून ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. सुनीताने त्यांना धृपद म्हणून दाखवलं. माझंच गाणं, चार वर्षांपूर्वी लिहिलेलं. ‘अंगणी आला पाहुणा, मरीये, तांब्या भर पाण्याचा.’ देवदूत मरीयेकडे येतो तो प्रसंग. आपल्याकडे दारात कुणी आलं तर आधी पाणी विचारतात, मग काम. म्हणून तो तांब्या.

मी उभी राहिले. समोर दीडएकशे माणसं, पहिल्या रांगेत माझेच विद्यार्थी, आता पोराबाळांचे बाप झालेले. पेटी वाजली. मी तोंड उघडलं, आणि ‘व्हय’ एवढंच आलं. कुणीतरी खोकलं. एका बाईने पदर डोळ्याला लावला, आणि मला जे दाखवायचं होतं ते मी दाखवून चुकले होते. पण त्यात समाधान मुळीच नव्हतं. नुसती लाज होती, आणि तिच्या खाली भीती, की हे आता असंच राहणार.

मागून टाळ वाजला. ‘अंगणी आला पावणा, मरीये, तांब्या भर पाण्याचा.’ म्हाताऱ्यांनी धृपद उचललं होतं. माझा पाहुणा त्यांनी पावणा केला होता, आणि एरवी मी मान वळवून डोळे वटारले असते. त्यांनी ओळ एकदा म्हटली, दोनदा म्हटली, चौथ्यांदा म्हटली. त्यांना घाई नव्हती. माझ्याबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. बुवा थांबला तर धृपद सोडायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते सोडलं नाही. हळूहळू मंडळीही म्हणू लागली. नवव्या की दहाव्या वेळी माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. मीही ‘पावणा’च म्हणत होते. पुढे दोन कडवी मी म्हटली, शब्द न् शब्द. बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं शाबूत राहतं, असं उपचाराच्या बाईंनी मागाहून समजावून सांगितलं. त्यांचं खरं असेल. मला एवढंच माहीत, की मी एकटी असते तर पहिल्याच ओळीला खाली बसले असते.

गाणं संपलं आणि निरूपणाची वेळ आली. तिथे चाल नव्हती, त्यामुळे शब्दही नव्हते. मागे वडिलांनी रंगवलेला पडदा टांगलेला होता. हिरव्या लुगड्यातली मरीया, आणि समोर तालमीतल्या पैलवानासारख्या खांद्यांचा देवदूत. एवढ्या उंचावरून खाली यायचं तर अंगात बळ नको का, असं वडील म्हणायचे. मला काही सुचेना, म्हणून मी हातातली चिपळी देवदूताकडे रोखली आणि लोकांकडे पाहिलं. ‘गब्रीएल!’ पोरं ओरडली. मी मरीयेकडे बोट केलं. ‘मरीया!’ मग माझ्या भुवया, हात, मान, सगळ्यांनी मिळून विचारलं, की तो काय सांगतोय तिला? आणि मंडळीच गोष्ट सांगू लागली. एक म्हणे, घाबरू नकोस म्हणतोय. दुसरी म्हणे, तुला बाळ होणार म्हणतोय. मागून एक म्हातारी म्हणाली, ‘आन् लगीन बी झालं न्हाय पोरीचं! लोक काय म्हणतील, ह्येचा घोर लागला आसंल तिला.’ सगळे हसले, आणि मग आपोआप शांत झाले. कारण पुढे मरीयेचं उत्तर होतं. ती काय म्हणते, याची सगळे माझ्याकडे बघत वाट पाहू लागले.

बुवांनी शिकवलं होतं तेवढं मी थांबले. खरं तर त्याहून जास्त थांबले. काहीच सांगता येत नव्हतं तिलाही. का, कसं, पुढे काय, काही ठाऊक नव्हतं. मी पडद्यावरच्या त्या पोरीकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘व्हय.’

दोन महिन्यांत तो शब्द मी शेकडो वेळा उच्चारला होता, पण तो मनापासून पहिल्यांदा म्हटला. सुनीताने पेटीचा भाता तसाच धरून ठेवला होता.

नंतर चहा झाला, करंज्या झाल्या. म्हातारे माझ्याजवळ येऊन बसले. ‘बाई, झ्याक झालं बगा,’ म्हणाले. मग खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला. ‘येक सांगू? मला काय तुमच्या देवाचं म्हायती न्हाय. पर तुमचं त्येच्याकडं वजन दिसतंय. माझी कारभारीण लई आजारी हाय. जरा तिचं तेवढं सांगा की त्येला.’

हे वजन! माझ्याकडे एक शब्द नव्हता, आणि दोन महिने मी त्याच्याशी बोललेही नव्हते. हे त्यांना सांगायलाही शब्द नव्हता. मी त्यांचा हात हातात घेतला. चिखलात राबून राबून टणक झालेला हात. डोळे मिटले आणि नुसती बसून राहिले. मनात एकही वाक्य जुळलं नाही. त्यांच्या हाताला कंप होता, तेवढा माझ्या हातात येत होता, आणि तोच मी पुढे केला. किती वेळ गेला कोण जाणे. पहिल्यांदाच माझा कान माणसांकडे नव्हता.

‘सांगितलं?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ‘मग झालं,’ म्हणून ते उठले, एक करंजी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली आणि दवाखान्याकडे निघाले. सहा वाजत आले होते.

याला आता सव्वा वर्ष झालं. माझं बोलणं बरंचसं परत आलंय. हा मजकूर मी रोज पाच-सहा ओळी करत लिहिलाय, आणि एखादा शब्द अडला की चिडतेही, स्वभाव काही गेला नाही. घोटीव प्रार्थना मात्र आता जमत नाहीत, आणि कुणी त्या मागतही नाही. प्रभूने माझं काही काढून घेतलं की मला काही दिलं, याचा हिशेब मी सोडून दिलाय. आपण थांबलो तरी धृपद थांबत नाही, एवढं कळलं, आणि त्यासाठी मी त्याची, टाळ धरणाऱ्या त्या म्हाताऱ्यांची, सुनीताची, त्या वड्या घेऊन आलेल्या तिघींचीही मनापासून ऋणी आहे.

त्या म्हाताऱ्यांच्या कारभारणीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सुनीता दवाखान्यात जाऊन आली, पण नावच ठाऊक नाही तर कुणाची चौकशी करणार? रोज संध्याकाळी मी त्यांच्यासाठी प्रार्थना करायला बसते. नावाच्या जागी आलं की थांबते. मला सुचत नाही, तेवढं तो भरून घेतो.