सरपणाची वाट

घाटंजीकडचं आमचं जंगल मी राखलं, असं लोक म्हणतात. खरं तर ते उपकेंद्रातल्या नर्सबाईनं राखलं. कापूस बुडाला त्या वर्षांत चुलीला पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळली झाडंही पुरेनात. नर्सबाई चप्पल हातात घेऊन, नाला ओलांडून बायकांसोबत सरपणाला यायची, वाळलेलीच फांदी मोडायला लावायची आणि मोळी बांधता बांधता पाळणा लांबवायच्या गोळ्या द्यायची.

मी वनरक्षक. झाडं तुटतील म्हणून सरपणाची ती वाट मी बंद केली.

"भाऊ, तुमचं जंगल खाऊन नाही राह्यलो आम्ही," ती म्हणाली. "घरी सासू ऐकते. ह्या बायका बोलतीन कुठं?"

तिची बदली झाल्यावर मी वाट उघडली. बायका आल्या, पण मला पाहताच गप्प झाल्या. तिच्यासोबत असताना त्यांचं हसणं नाल्यापलीकडे ऐकू यायचं. निवृत्त झालो, तरी मी नाल्याकाठी जाऊन कान देऊन उभा राहतो.