मागच्या दाराचा जबाब

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला मी आले ती स्वयंपाकाला. माझं गाव सांगलीच्या पलीकडचं, दुष्काळी पट्ट्यातलं. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि नवरा ट्रकवर गेला तो परत आलाच नाही. आमच्याच तालुक्यातले एक साहेब लष्कराच्या गुप्त माहिती खात्यात होते. त्यांची इकडे बदली झाली तेव्हा त्यांनी मला आणि माझ्या मुलीला सोबत आणलं, मला कचेरीत कामाला लावलं, तिला शाळेत घातलं. ती आता नागपूरला नर्सिंग शिकते. हे उपकार मी विसरलेली नाही. पुढचं लिहितानाही ते मानेवर बसलेलेच आहेत.

कचेरी म्हणजे भाड्याचं चार खोल्यांचं घर, बाहेर पाटी नाही. गावाबाहेर लष्कराचं एक भांडार होतं. त्याच्या आसपास कोण नवं येतं, कोण फोटो काढतं, कोण उगाच चौकशा करतं, ते बघायचं आमचं काम. भांडाराच्या फाटकावर पहारा होता आणि त्या पहाऱ्याची स्वतःची नोंदवही होती, पण ते खातं वेगळं, आमचं वेगळं. साहेब म्हणायचे, "ते कुंपणाच्या आतलं बघतात, आपण बाहेरचं." दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं.

बाहेरचं सगळं कळायचं ते माझ्या स्वयंपाकघरात. साहेबांची पद्धत अशी, की बातमी आणणाऱ्यानं काहीतरी विकायला आल्यासारखं मागच्या दारी यायचं आणि माझ्याशी बोलायचं. साहेब आतल्या खोलीत चहा घेत ऐकायचे. नाव कुठंच लिहायचं नाही. वहीत फक्त आकडा. कोणता आकडा कोणाचा, ते एका चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी साहेबांच्या खिशात. साहेब बदलले की जुन्यानं नव्याला माणूस समोरासमोर दाखवायचा, मग चिठ्ठी माझ्या गॅसवर जाळायची. आधीच्या साहेबांनी यांना अशीच माणसं दाखवली होती.

सगळ्यांत जास्त यायची एक मासोळीवाली. मी तिला मावशी म्हणायची. तिचं घर तळ्यावर नि वैनगंगेवर मासे धरणारं. टोपली घेऊन ती पार अड्याळपर्यंत फिरायची आणि दर मंगळवारी भांडाराच्या फाटकाशी बसायची, जवानांच्या बायका घ्यायच्या म्हणून.

"बाई, आज मरळ हाय. पण तुमच्या त्या तिखटात नोका बुडवू. मागच्या खेपेले साहेबाले समजलंच नसन, मासोळी हाय का वांगं हाय."

"मावशी, साहेबांनी बोटं चाटली."

"आग होऊन राहिली असन, म्हणून चाटली."

आत साहेबांना ठसका लागायचा. मग ती मासे कापायला बसायची आणि आवाज न बदलता सांगायची, "तळ्याच्या पारीवर दोन जण येऊन राहिले तीन दिवसांपासून. जमीन मोजतो म्हणतात. पण एकाच्याही पायाले चिखल नाही जी." साहेबांचा कप खाली ठेवल्याचा आवाज यायचा. अशा तिच्या कितीतरी बातम्या खऱ्या निघाल्या.

मग सीमेवर लढाई झाली आणि थांबली. थांबल्यावर म्हणे वर असं दिसलं की माहिती होती, पण ती वेगवेगळ्या खात्यांच्या कपाटांत होती, वेळेवर एका टेबलावर आली नाही. माणसं गेली त्यात. म्हणून सगळी छोटी खाती मोडून एकच मध्यवर्ती सेवा करायची ठरलं. मला ते तेव्हाही बरोबर वाटलं, आजही वाटतं.

आमच्याकडे हुकूम आला तो दोन दिवसांचा. वह्या सील करून द्यायच्या, घर रिकामं करायचं, साहेबांनी थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला रुजू व्हायचं. त्यांच्या जागी कोणी येणारच नव्हतं. तरी साहेब चिठ्ठी घेऊन गॅसपाशी आले.

मी म्हणाले, "साहेब, माणसं न दाखवताच?"

"दाखवू कोणाला? भलत्याच्या हाती पडण्यापेक्षा राख बरी." चिठ्ठी जळेपर्यंत ते उभे राहिले. मग म्हणाले, "कोणी विचारलं तर तुम्ही स्वयंपाक करत होता. मागच्या दारानं कोणी येत नव्हतं."

"हो साहेब."

दोन महिन्यांनी नव्या सेवेच्या एक मॅडम आल्या. तरुण, बोलायला गोड. लॅपटॉप उघडून त्यांनी एकेक विचारलं. शेवटी म्हणाल्या, "मासे विकणारी एखादी बाई कचेरीत यायची का?"

मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. गुपित राखतेय याचा अभिमान वाटला. म्हणाले, "नाही मॅडम. अशी कोणी आली नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. कागद छापून आला, मी सही केली. पुढच्याच महिन्यात मला भंडाऱ्याला, त्यांच्या विश्रामगृहात, स्वयंपाकाला घेतलं. मुलीला फोन करून सांगताना मी रडले होते, आनंदानं.

हिवाळ्यात मावशी एसटीनं भंडाऱ्याला आली. तिचा मुलगा सैन्याच्या भरतीत धावला होता, लेखी पास झाला होता, डॉक्टरी तपासणी झाली होती. पण चारित्र्य-पडताळणीत नापास असं पत्र आलं होतं. कारण लिहिलेलं नव्हतं. वयाच्या अटीत बसायचं त्याचं ते शेवटचं वर्ष.

"बाई, पोट्ट्यावर एक केस नाही. दारूचा थेंब नाही. काहून नाही म्हणते हे लोक? तुमी साहेब लोकाईत राहता, विचारून पाहा ना जी."

मी विचारलं. मॅडमनी आधी सांगायला नकार दिला, मग माझं तोंड बघून सांगितलं. फाटकावरच्या पहाऱ्यानं वर्षानुवर्षं नोंद केली होती: एक मासोळीवाली दर मंगळवारी बसते, कोण आलं कोण गेलं विचारते, संशयास्पद. सगळे कागद एका टेबलावर आले तेव्हा तो कागद आला. आमचा जळाला होता, वह्यांत नुसते आकडे. म्हणून तर त्या मला विचारायला आल्या होत्या. मी हो म्हटलं असतं, तर ती नोंद तिथंच खोडली गेली असती, मुलाच्या पडताळणीत आईच्या नावावर निघाली नसती.

"मॅडम, ती आमचीच होती. मी खोटं सांगितलं."

त्यांनी उठून दार लावलं. मग म्हणाल्या, "बाई, पहिल्या जबाबावर तुमची सही आहे. दुसरा देता येईल. पण मग विचारतील, खरा कोणता? तुमची चौकशी लागेल. तुमचे जुने साहेब लिहून देतील का?"

साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. "मला त्यावर काही बोलता येत नाही, बाई. तुम्हीही बोलू नका." आणि मग, नेहमीच्या मायेनं, "मुलगी कशी आहे?"

तीन दिवस मी नीट जेवले नाही. नोकरी गेली तर मुलीचं काय, हाच एक विचार. चौथ्या दिवशी जाऊन दुसरा जबाब दिला. त्यावर नोंद घेतली असं उत्तर आलं. तेवढंच. माझी चौकशी अजून चालू आहे, दारात गाडी थांबली की मी आधी खिडकीतून बघते. मावशीच्या मुलाची भरतीच्या वयाची तारीख मधेच निघून गेली.

मग एका सुट्टीला मी मावशीच्या घरी गेले आणि काहीही न लपवता सांगितलं. ती मासे साफ करत होती. हात थांबले नाहीत.

"मंग तुमी नाही म्हणून सांगतलं."

"हो."

"साहेबानं सांगतलं म्हणून."

"हो, मावशी."

"मलेबी साहेबानंच सांगतलं होतं, कोणाले सांगू नोको. मी माह्या नवऱ्यालेबी नाही सांगतलं आजपावतो." तिनं विळा पाण्यात बुडवला. "पोट्ट्याले आता काय सांगू? मायच्या पायी झालं म्हणून?"

 तेवढ्यात मुलगा तळ्यावरून आला. खांद्यावर ओलं जाळं, केस अजून भरतीसारखेच बारीक कापलेले. मला बघून थांबला.

"काकू, साहेबाईकडून काही समजलं का जी?"

मावशी माझ्याकडे बघत राहिली.

"अजून नाही," मी म्हणाले.

"विचारत राहा," तो म्हणाला, आणि जाळं वाळत घालायला मागं गेला.