दाणेदार प्लास्टिकवरचे फराटे

तिला सगळे फडकेबाई म्हणत. ते काही तिचं आडनाव नव्हतं. जुन्या गाड्या चकचकीत करून विकणाऱ्या एका गॅरेजात ती आठ वर्षं गाड्या आतून पुसायची आणि खांद्यावर कायम फडकं टाकलेलं असायचं, म्हणून तिथल्या सुपरवायझरने हे नाव पाडलं.

हा सुपरवायझर भारी उतावळा. गिऱ्हाईक दारात आलं की ओल्या डॅशबोर्डवरच चकाकीच्या तेलाचा फवारा मारायचा. एका दुपारी एका बाईंनी उन्हात गाडीचं दार उघडलं, तर डॅशबोर्डभर पांढरे फराटे. सुपरवायझरने सरळ फडकेबाईकडे बोट दाखवलं. बारा कामगारांसमोर म्हणाला, "पूस आता. फडकं नको, स्वतःच्या बाहीने पूस."

तिने पुसलं. मालक शेजारीच उभे राहून बघत होते. तिला कामावरून काढल्याचं संध्याकाळी कळलं, तेही फाटकावरच्या पहारेकऱ्याकडून.

घरी नणंद होती, शिवणकाम करणारी. तिने परोपरीने समजावलं, की झालं गेलं सोडून दे, तुझ्या हाताला कुठेही काम मिळेल. पण हिच्या डोक्यात तो माणूस ठाण मांडून बसला होता. तिने भंगारातून गाडीचा एक दरवाजा आणला आणि फराटे पडतात तरी कसे, याचा छडा लावायला बसली.

दोन महिन्यांत छडा लागला. डॅशबोर्डचं आणि दाराच्या आतल्या बाजूचं प्लास्टिक दाणेदार असतं, त्याच्या बारीक खळग्यांत धूळ बसते. वरून पाणी मारलं की तिचा चिखल होतो आणि फडकं तोच चिखल इकडून तिकडे फिरवत राहतं. म्हणून आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची. साबणपाणी घ्यायचं ते ब्रशवर, तेही नावापुरतं. वीतभर जागा घासायची, वाळायच्या आत पिळलेल्या फडक्याने टिपायची, लगेच कोरड्या फडक्याने पुसायची, मगच पुढची वीत. गाडी सावलीत हवी. आणि तेलाचं तर नावही काढायचं नाही.

मग तिने गाळा घेतला, तोही गॅरेजच्या फाटकासमोर.

"अख्ख्या शहरात तुला हीच जागा सापडली?" नणंदेने विचारलं.

"हीच शोधत होते," ती म्हणाली.

वर्षभरात समोरची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून तिच्याकडे येऊ लागली. आणि एका सकाळी सुपरवायझरच आला, मालकांची स्वतःची गाडी घेऊन. आत फराटेच फराटे. दुपारी मालकांना त्या गाडीतून पाहुणे आणायचे होते. तो काकुळतीला आला होता, पहिल्यांदाच तिला अहोजाहो करत होता. तिने मान हलवली आणि ड्रायव्हरच्या बाजूने सुरुवात केली. डॅशबोर्डच्या बरोबर मध्यावर येऊन थांबली, फडकी धुऊन वाळत घातली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"अर्धंच?" त्याने विचारलं.

"उरलेलं तुमच्या हातचं आहे. राहू दे. मालकांना दोन्ही दिसू देत."

मालकांना दिसलं. दुसऱ्या दिवशी ते गाळ्यात आले आणि त्यांनी तिला सुपरवायझरची जागा देऊ केली. तिने नाही म्हटलं. गॅरेजच्या गाड्या मात्र इथेच पुसून देईन म्हणाली, एका अटीवर. गाडी आणायची आणि न्यायची ती सुपरवायझरनेच. मालकांनी ती अट मान्य केली.

त्यानंतर रोज सकाळी तो यायचा. काम उरकलं तरी ती हातात टॉर्च घेऊन कोपरे तपासत बसायची. त्याला भर रस्त्यात ताटकळत ठेवायची, समोरचे कामगार बघत असताना. तो खाली मान घालून उभा राहायचा. त्याची मान जितकी खाली जाई, तितका हिला हुरूप येई.

"आता तरी पोट भरलं का?" नणंदेने विचारलं.

"नाही."

तीन महिन्यांनी एका सकाळी गाडी घेऊन भलताच माणूस आला. सुपरवायझर नोकरी सोडून गेला होता, कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने किल्ली घेतली, गाडी पुसली आणि टॉर्च हातात न घेताच परत देऊन टाकली.

"मला न विचारता गेला," संध्याकाळी ती नणंदेला म्हणाली.

नणंदेने मशीन थांबवलं. "म्हणजे तुझं पोट उपाशीच राहिलं," ती म्हणाली आणि तिने पुन्हा पायडलवर पाय ठेवला.