पुठ्ठ्याचं बॉडी किट

माझ्या मेव्हण्याइतका गाडीला नटवणारा माणूस अख्ख्या राहाता तालुक्यात नसेल, आणि त्याच्याइतका गाडीला लाजवणाराही नसेल. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. वय पंचावन्न, डोक्यावर केस मोजके आणि दारात एक जुनी, उंच, आठ माणसांची गाडी. तिला बॉडी किट बसवायचं हे त्यानं सहा वर्षांपूर्वी ठरवलं. म्हणजे पुढं-मागं नवे बंपर, दोन्ही अंगांना खालून पट्ट्या आणि मागं वर एक पंख. पंख कशाला, तर म्हणे वेगात गाडी उचलली जाऊ नये म्हणून. याची गाडी चाळिसाच्या वर गेलेली मी तरी पाहिली नाही.

घेण्याआधी घालून बघायचं, हा त्याचा नियम. चप्पलसुद्धा दुकानात दोन फेऱ्या मारल्याशिवाय घेत नाही. म्हणून डाळिंबाची रिकामी खोकी कापून तो गाडीला पुठ्ठ्याचं किट चिकटवायचा आणि बाजारातून फिरवून आणायचा. लोक काय म्हणतात ते ऐकायला काच खाली. एकदा अर्धा बंपर भाजीवालीपुढं गळून पडला. तिनं त्यावर मेथी मांडली. हा मागायला गेला तर म्हणाली, "मामा, आता मेथीसकट न्या." नेली. नवा बंपर गतिरोधकाला घासेल का, हे बघायला गाडीत कायम एक वीट. प्रत्येक गतिरोधकाशी उतरून, वीट उभी धरून उंची बघायची. मागं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एक जण ओरडला, "विटेशी सोयरीक जुळवताय का त्याची?"

निकाल माझी बायको द्यायची. पुठ्ठा लावलेली गाडी तो आमच्या दारात आणायचा, ती बाजरी निवडता निवडता बघायची. "घोड्यावरल्या म्हाताऱ्या नवरदेवावानी दिसती," म्हणाली की हा जागेवर पुठ्ठे फाडायचा. मला कधी विचारलं नाही. मी भंगार म्हणालो तरी त्याच्या कानात शिरायचं नाही.

पौषात बायको गेली. चार महिने तो यायचा, बसायचा, जायचा. गाडीला पुठ्ठा नसायचा. मग एक दिवस म्हणाला, "दाजी, श्रीरामपूरला चला. किट पसंत केलंय."

गेलो. दुकानदारानं गाडीभोवती चक्कर मारली आणि डाव्या दाराखाली बोट दाखवलं. "हे पायदान कापावं लागंल. त्याच्याबिगर पट्टी बसायची न्हाई."

बायकोचे गुडघे गेले तेव्हा तिला दवाखान्यात नेता यावं म्हणून यानंच ते वेल्डिंग करून घेतलं होतं. ओबडधोबड लोखंड.

"दाजी, तुमी सांगा," तो म्हणाला.

"काप. चढनारी गेली."

खाली बसून त्यानं पायदानावरचा चिखल हातानं खरवडला, सगळा. मग उठून दुकानदाराला म्हणाला, "पुढचं-मागचं बसवा. पंख बी बसवा. पट्ट्या नको."

"अहो, कोटाखाली लुंगी नेसल्यागत दिसंल."

"दिसू द्या."

मला हायसं वाटलं. त्याला सांगितलं नाही.

निघताना त्यानं डावं दार उघडून धरलं. त्या जागेवर मी आजवर बसलो नव्हतो; पुढं ती बसायची, मी मागं असायचो. गुडघे माझेही आता कुरकुरतात. पायदानावर पाय ठेवला. तिच्या मापानं केलेलं. मला जरा खालीच पडलं.