करवतवाल्या भाऊंचा कान

चांद्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या मुलखात आमच्या आरामशीनवरच्या, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवरच्या, भाऊंइतका तयार कान कोणाचा नव्हता, आणि तो कान गेला असं त्यांना मी पटवून दिलं. हे आजवर मी कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

भाऊ करवतीला धार लावायचे. सागाच्या ओंडक्यात पातं शिरलं की नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं, कुठला दाता बोथट झालाय, कुठं बारीक तडा गेलाय. "बंद करा बे!" असं ते ओरडले की मालकसुद्धा धावत जाऊन खटका पाडायचा, कारण तडकलेलं पातं सुटलं तर समोरच्याचा हात जायचा. अशा माणसाला नाद कशाचा लागावा? परदेशातल्या अवघड, एकट्यानं वाजवलेल्या व्हायोलिनचा. साथीला नुसता पियानो असला तरी कॅसेट परत. "सोबत असली का माणूस चुका लपवते," म्हणायचे. एकाच रचनेच्या तीन वेगळ्या वादकांच्या कॅसेटी मागवायचे, तीन रविवार ऐकायचे आणि एक ठेवून दोन वाटून टाकायचे. त्यामुळे ओंडके ओढणाऱ्या गड्यांच्या घरोघरी भाऊंनी नापास केलेले जगप्रसिद्ध वादक वाजत असत. ऐकणं म्हणजे तर व्रतच. कामावर कानात कोंबलेला कापूस काढून अर्धा तास कान नुसते मोकळे ठेवायचे. मे महिन्यातल्या चंद्रपुरात ते पंखा बंद करायचे, का, तर पंख्याला सूर नाही! पाहुण्यांची घड्याळं तांदळाच्या डब्यात. वहिनी भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "मी मेली तं हे लोकायले म्हणतील, हळू रडा, कॅसेट सुरू आहे."

"तसं नाई," भाऊ अगदी गंभीरपणे म्हणायचे, "त्या दिवशी बंद ठेवीन."

मी तिथं कारकून. महिन्यातून एकदा मशीनचे पट्टे आणायला नागपूरला जायचो, म्हणून कॅसेट निवडण्याचं काम माझ्याकडे. "दुकानात पुरी ऐक. शेवटी व्हायोलिनचा गज एकदम वर चढते, तो स्वर काचेवानी साफ पाहिजे. नाई तं आणू नोको." पहिल्या काही खेपांना ऐकलंही. मग कंटाळा आला. एकदा सिनेमाची वेळ होत होती, दुकानदारानं तबकडीवरून भरून दिलेली कॅसेट तशीच खिशात टाकली आणि भाऊंना म्हणालो, "ऐकली ना! वरचा स्वर काय साफ आहे!"

रविवारी भाऊंच्या घरी, मी समोर बसलेलो असताना, कॅसेट शेवटाला आली. गज वर चढला असावा. ऐकू आली ती घोंगडीखालून यावी तशी नुसती घरघर. भाऊंनी मागं फिरवून तीनदा लावली. मग कधी नव्हे ते हळू आवाजात मला विचारलं, "तुले तो वरचा स्वर ऐकू येते काय रे?"

तेव्हा खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "येते ना, भाऊ."

"जुन्या लावून पाहा ना," वहिनी घाबरून म्हणाल्या.

"जुन्या मले पाठ आहेत. त्या ऐकू येतात का आठवतात, कोन सांगन?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कानस मालकाच्या टेबलावर ठेवली. "तडा ऐकू नाई आला तं कोनाचा हात जाईन. मी आता धार लावत नाई." मालकानं डॉक्टरचं नाव काढलं, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "डॉक्टर काय सांगन? याले ऐकू येते, मले नाई." सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावून दुसऱ्यांदा हो म्हटलं. महिन्याभरात ते चिमूरकडच्या आपल्या गावी, भावाच्या धानाच्या शेतीवर निघून गेले. जाताना कॅसेटींची पेटी माझ्या हातात दिली. "तू ठेव. तुयाच कान चांगला आहे." आयुष्यात मला मिळालेली एवढी मोठी शाबासकी ती एकच.

भाऊ अजून आहेत. गावाला इथून सरळ बस जाते. इथं लिहून टाकणं त्यामानानं सोपं गेलं. पण कॅसेटच खराब होती, कान तुमचा चांगला होता, आणि ते मला त्याच वेळी माहीत होतं, एवढं त्यांच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.